वीजबाजार खुला झाला, विक्रेतेही वाढले, मग स्पर्धा अडते कुठे?

तारयात्री

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर "वीज खुली करा, चार कंपन्या येऊ द्या, दर आपोआप उतरतील" असं वाक्य वाचलं आणि तिथे लिहिता लिहिता प्रतिसाद इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. वीजबाजारातली स्पर्धा विक्रेत्यांची डोकी मोजून कळत नाही. वर्षातल्या सगळ्यात ओढाताणीच्या तासाला एखादा विक्रेता बाजूला बसला, तर त्याच्यावाचून भागतं का, एवढंच बघायचं. भागत असेल तर स्पर्धा आहे. नसेल तर कागदावर पन्नास नावं असली तरी त्या तासापुरती मक्तेदारीच.

एक बाळबोध उदाहरण. पाच कंपन्या, प्रत्येकीकडे २५० मेगावॅट, एकूण १,२५०. मागणी ७०० असताना दोघी रुसून बसल्या तरी उरलेल्या तिघींकडे ७५० आहेत, दिवे चालू राहतात. रुसणाऱ्यांचंच नुकसान. आता मागणी १,१०० वर गेली असं धरा. कुणीही एक बाहेर राहिली की उरतात १,०००, म्हणजे १०० चा खड्डा. त्या तासाला पाचही जणींना ठाऊक असतं की आपल्यावाचून गाडी हलत नाही. बोली काहीही लावा, घ्यावीच लागणार. आणि ही वाटणी अगदी समसमान आहे हं, प्रत्येकीचा हिस्सा जेमतेम २० टक्के. टेक्ससच्या कायद्यात एका कंपनीच्या ताब्यात २० टक्क्यांहून जास्त निर्मितीक्षमता नको अशी मर्यादा आहे. आपल्या पाचजणी ती परीक्षा सहज पास होतील.

इतर मालांत असं सहसा होत नाही, कारण गोदामं असतात आणि महाग झालं तर गिऱ्हाईक थांबतं. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणं आत्ता कुठे जमायला लागलंय, आणि बटण दाबणाऱ्याला त्या क्षणाचा घाऊक दर दिसतच नाही.

इंग्लंड-वेल्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९९० मध्ये सरकारी मंडळ मोडलं. अणुकेंद्रं वेगळ्या कंपनीत गेली आणि बाकीची औष्णिक केंद्रं नॅशनल पॉवर आणि पॉवरजेन अशा दोनच कंपन्यांत वाटली. अणुकेंद्रं चोवीस तास एका लयीत चालतात, ती दर ठरवत नाहीत. त्यामुळे पूलमध्ये (सगळ्यांच्या बोली एकत्र करून दर ठरवणारा घाऊक लिलाव) बहुतेक अर्ध्या तासांचा दर या दोघींच्याच बोलीवर ठरायचा. नवे गॅसप्रकल्प भराभर आले, दोघींचा हिस्सा घसरला, तरी दरावरची पकड सैल व्हायला वेळ लागला. शेवटी नियामकाने मागे लागून १९९६ मध्ये त्यांना सुमारे ६,००० मेगावॅटची केंद्रं दुसऱ्याच्या हवाली करायला लावली. दशकाच्या शेवटी आणखी केंद्रं विकली गेली, तेव्हा कुठे बाजाराला बाजारपण आलं. सुरुवातीलाच पाच-सहा तुकडे केले असते तर दहा वर्षं वाचली असती, असं माझं मत.

तर स्पर्धा वाढवायची म्हणजे नेमकं काय करायचं, यावर मतं मांडा. माझा पहिला उपाय तारा, दुसरा दीर्घ मुदतीचे करार, तिसरा मागणीला आवाज देणं. "ग्राहकाला कंपनी बदलू द्या" हा माझ्या यादीत बराच खाली आहे.

---

मीटरमाऊली

रुमाल टाकून ठेवते. शेवटच्या वाक्यावर भांडायचं आहे.

---

शंकासुर

तुकडे केले की झालं? कॅलिफोर्नियात तुकडे केलेच होते की. तिथल्या खासगी वीज कंपन्यांनी आपली गॅसवरची केंद्रं पाच वेगवेगळ्या कंपन्यांना विकली. बाजार उघडला १९९८ मध्ये आणि २००० च्या उन्हाळ्यात बोंब. पाचांतल्या कुणाचाच हिस्सा डोळ्यात भरण्याएवढा नव्हता. म्हणजे तुमच्या औषधाने रोगी दगावला.

---

तारयात्री

@शंकासुर, उलट तेच तर माझं म्हणणं. हिस्सा लहान होता आणि तरीही पकड होती. त्या वर्षी पाऊस-बर्फ कमी, शेजारच्या राज्यांतून येणारी जलविद्युत आटली, गॅस महागला, मागणी चढली. पुरवठा आणि मागणी यांच्यातली फट इतकी बारीक झाली की मध्यम आकाराची कुठलीही कंपनी त्या तासापुरती अपरिहार्य झाली.

त्यात नियमांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता. वितरण कंपन्यांनी जवळजवळ सगळी वीज हजर बाजारातच, म्हणजे त्या-त्या वेळच्या भावाने, घ्यायची असं बंधन होतं, लांबचे करार करायला वावच नाही. आणि ग्राहकाचा दर मात्र गोठवलेला. म्हणजे विकत घ्यायची वाटेल त्या भावाने, विकायची ठरलेल्या भावाने. डिसेंबर १९९९ च्या मानाने डिसेंबर २००० चा घाऊक दर दहापटीच्या घरात गेला. एप्रिल २००१ मध्ये पीजी अँड ई ही तिथली मोठी वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. सॅन डिएगोत दर गोठवणं आधीच संपलं होतं, तिथे घरगुती बिलंच भडकली. एका ठिकाणी कंपनी बुडाली, दुसऱ्या ठिकाणी गिऱ्हाईक ओरडलं, रोग एकच.

(अवांतर: एन्रॉनच्या त्या कुप्रसिद्ध युक्त्यांमधली एक तर विनोदी आहे. राज्यातल्या विजेच्या दरावर मर्यादा होती, बाहेरून आणलेल्या विजेवर नव्हती. मग कागदोपत्री वीज राज्याबाहेर पाठवायची आणि "बाहेरची" म्हणून परत आणायची.)

---

गणिती_काका

करारांचा मुद्दा तोंडी पटत नाही, आकड्यांत पटतो. चलन कोणतंही धरा.

एका कंपनीकडे २५० मेगावॅट आहेत, खर्च प्रति युनिट ४०. सगळी क्षमता विकली तर बाजारभाव ५०. पन्नास मेगावॅटचा एक संच "बिघडला" म्हणून बंद ठेवला, तर महागडं केंद्र चालू करावं लागतं आणि भाव ८० होतो.

करार नसताना: सगळं विकलं तर नफा २५० × १० = २,५००. संच बंद ठेवला तर २०० × ४० = ८,०००. संच बिघडणारच!

आता त्याच कंपनीने २०० मेगावॅट आधीच ५५ च्या भावाने कराराने विकलेत. सगळं चालवलं तर कराराचे २०० × १५ = ३,००० आणि उरलेल्या पन्नासावर ५० × १० = ५००, मिळून ३,५००. संच बंद ठेवला तर नुसते कराराचे ३,०००. पाचशेचं नुकसान. भाव ८० झाला काय न् ८०० झाला काय, तिच्याकडे त्या भावाने विकायला काही उरलेलंच नाही.

तोच मालक, तीच यंत्रं, तोच लोभ. फक्त कराराने हिशोब उलटा झाला.

---

शंकासुर

काका, गणित बरोबर, पण वर्षभरापुरतंच. करार संपला की नवा करार कोणत्या भावाने होणार? बाजारात गेलं वर्षभर ८० दिसत असेल तर कंपनी ५५ ला सही करेल होय? उद्याचा करार महाग व्हावा म्हणून ती आज थोडा तोटा सोसेल.

---

गणिती_काका

मुद्दा मान्य. म्हणूनच कराराची मुदत महत्त्वाची. नवं केंद्र उभं राहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून लांबचा करार असेल तर जुन्या कंपनीची स्पर्धा नुसत्या चालू केंद्रांशी नसते, अजून न बांधलेल्या केंद्रांशीही असते. तीन महिन्यांच्या कराराने काही साधत नाही. आणि सगळे करार एकाच दिवशी संपू देऊ नयेत, टप्प्याटप्प्याने संपावेत. म्हणजे एका वाईट हंगामाचा भाव सगळ्या विजेला चिकटत नाही.

आलाझ आणि व्हिला या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये याचा सिद्धांत मांडला. वायद्याची नुसती सोय असली तरी विक्रेते एकमेकांवर कुरघोडी करायला आधीच माल विकून ठेवतात आणि त्यात भाव उतरतो. पण त्यात एकमेकांचे सौदे दिसतात असं गृहीत आहे. प्रत्यक्षात ते झाकलेले असले तर परिणाम बराच पातळ होतो.

---

मीटरमाऊली

आले. तारयात्रींनी ग्राहकाला यादीत तळाला टाकलंय त्याबद्दल.

मी जिथे राहते तिथे घरगुती वीजपुरवठादार निवडता येतो. हौसेने निवडला. पहिलं वर्ष ठरावीक दर, छान स्वस्त. वर्ष संपताना एक ईमेल आला, विषयाच्या ओळीत "आपल्या खात्याविषयी माहिती". असे रोज दहा येतात, कोण उघडतं? तो होता "मुदत संपत आहे, काही न कळवल्यास आपोआप बदलत्या दरावर" हे सांगणारा. चार महिन्यांनी बिलं जुळवताना लक्षात आलं, दर जवळपास दीडपट. फोन केला तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "नवीन ग्राहकांसाठीची योजना जुन्या ग्राहकांना लागू होत नाही." म्हणजे चार वर्षं इमानाने राहिले असते तर चार वर्षं लुटली गेले असते.

यात मूर्खपणा माझा, कबूल. पण धंदाच झोपलेल्या गिऱ्हाइकावर चालत असेल तर ती स्पर्धा कसली? जागे असलेल्यांना आवळा द्यायचा आणि झोपलेल्यांकडून कोहळा काढायचा. माझ्या मते उपाय साधे आहेत: मुदत संपली की आपोआप महाग दरावर टाकायचं नाही, नव्या-जुन्या गिऱ्हाइकाला एकच दर, आणि कंपनी बदलणं एका दिवसाचं काम. तुलना करायची तर सगळ्यांनी एकाच साच्यात दर सांगायचा. स्थिर आकार, रात्रीची सूट, पहिल्या महिन्याचं बक्षीस या भेळेत खरा दर शोधायला पदवी लागते.

---

सावली

+१. "माहिती" नावाचा ईमेल मलाही आला होता :(

एक प्राथमिक शंका. लिलावात सगळ्यांना सर्वात महाग बोलीचाच भाव का देतात? ज्याने २० सांगितले त्याला २० द्या, ज्याने ८० सांगितले त्याला ८०. निम्मा प्रश्न इथेच सुटेल ना?

---

गणिती_काका

सर्वांनाच सुचणारी शंका, आणि उत्तर जरा निराशाजनक. ज्याने २० सांगितले त्याने २० सांगितले कारण भाव ८० मिळणार हे त्याला ठाऊक होतं. तुम्ही नियम बदललात की तो २० सांगणारच नाही, शेवटची बोली किती असेल याचा अंदाज बांधून ७८ सांगेल. अंदाज चुकला तर स्वस्त केंद्र बंद आणि महाग चालू, असाही घोळ होतो. शिवाय अंदाज बांधायला मोठ्या कंपनीकडे खास माणसं असतात, एका पवनचक्कीवाल्याकडे नसतात. छोट्याचंच नुकसान.

ब्रिटनने मार्च २००१ मध्ये जुना पूल मोडून "जो सांगशील तो भाव" या धर्तीची व्यवस्था आणली. दर उतरले खरे. पण तोवर मोठ्या कंपन्यांनी केंद्रं विकून झाली होती आणि क्षमताही मुबलक होती. श्रेय कुणाचं यावर अजून वाद घालतात लोक.

---

तारयात्री

@मीटरमाऊली, तळाला टाकलं म्हणजे नको असं नाही. क्रम चुकला तर काय होतं ते ब्रिटनमध्येच दिसलं. घरगुती ग्राहकांना निवड १९९८-९९ मध्ये मिळाली. पुढे परवाना मिळवणं इतकं सोपं केलं की छोट्या पुरवठादारांचं पेव फुटलं. त्यांतल्या अनेकांनी ग्राहकाला वर्षाचा ठरावीक दर कबूल केला आणि वीज मात्र पुरेशी आधी घेऊन ठेवली नाही. २०२१ मध्ये गॅस भडकला, दरावर कमाल मर्यादा आधीपासून होतीच, आणि काही महिन्यांत पंचवीसहून जास्त कंपन्या गळपटल्या. बल्ब नावाची कंपनी तर इतकी मोठी होती की तिला विशेष प्रशासनाखाली सांभाळावं लागलं. भार शेवटी सगळ्या ग्राहकांवर आणि करदात्यांवर. अशा प्रवेशाला मी स्पर्धा म्हणत नाही, दुसऱ्याच्या पैशावरची पैज म्हणतो. परवाना देताना "कबूल केलेली वीज आधी घेऊन ठेवलीस का" एवढं विचारलं असतं तरी खूप झालं असतं.

पण आधी घेऊन ठेवायला कुणीतरी विकायला हवं ना! निर्मिती आणि किरकोळ विक्री एकाच घरात असलेल्या कंपन्या आपली वीज आपल्याच पोराला देतात. बाहेरच्याला करार मिळतच नाही, किंवा मिळतो तो भलत्या आकाराचा. इथे नियामकाने हात घालावा असं मला वाटतं. ब्रिटनने २०१४ मध्ये मोठ्या कंपन्यांना बाजारात सतत खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव लावून ठेवायची सक्ती केली होती. फ्रान्समध्ये २००१ पासून वेगळाच प्रयोग झाला. ईडीएफ या तिथल्या सरकारी वीज कंपनीला एका जर्मन कंपनीत हिस्सा घ्यायचा होता, युरोपीय आयोगाने अट घातली, आणि तिला सुमारे ६,००० मेगावॅट क्षमतेचे हक्क लिलावात विकावे लागले. केंद्र तिचंच, चालवणार तीच, पण त्यातून किती वीज घ्यायची हे ठरवणार हक्क घेणारा. एक वीटही न हलवता तुकडे पाडायचा हा प्रकार मला फार आवडतो.

---

शंकासुर

आवडतो खरा, पण हक्काची मुदत संपली की सगळं परत मूळ मालकाकडे. भाड्याने दिलेली स्पर्धा.

---

तारयात्री

भाड्याची का होईना. :)

तारांबद्दल लिहायचं राहिलं. मोठ्या शहराभोवती मागणी, बाहेरून येणाऱ्या वाहिन्या दोन-तीन, त्या भरल्या की शहर बेट होतं. देशभरात शंभर विक्रेते असोत, बेटावर दोन केंद्रं असतील तर स्पर्धक दोन. नॉर्वेने १९९१ मध्ये बाजार खुला केला, १९९६ मध्ये स्वीडन जोडला गेला, मग फिनलंड आणि डेन्मार्क. स्वीडनमध्ये एकाच कंपनीकडे निम्म्याच्या आसपास निर्मिती होती. तिचे तुकडे करण्याऐवजी त्यांनी तळंच मोठं केलं. मोठा मासा आपोआप मध्यम झाला.

गंमत अशी की अशी वाहिनी रिकामी पडून राहिली तरी आपलं काम करते. पलीकडून वीज येऊ शकते या धाकानेच अलीकडचा विक्रेता भाव वाढवत नाही, म्हणून पलीकडून आणायची गरजच पडत नाही. हिशोबतपासनीस मात्र विचारतो, "वापर दोन टक्के, मग बांधली कशाला?"

आणि तारा ज्याच्या, त्याची स्वतःची केंद्रं असू नयेत. अमेरिकेत १९९६ च्या आदेशाने पारेषण सर्वांना सारख्या अटींवर खुलं करायला लावलं. युरोपने २००९ मध्ये मालकीच वेगळी करण्यापर्यंत मजल मारली. नाहीतर नव्या प्रकल्पाचा जोडणीचा अर्ज कुणाच्या टेबलावर धूळ खातो हे सांगायला नको.

---

जुना_ऑपरेटर

औष्णिक केंद्रात बरीच वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली आहेत. दोन गोष्टी.

पहिली, घड्याळ. कुणाला वाटेल हा किरकोळ तपशील आहे. ऑस्ट्रेलियात केंद्रांना हुकूम दर पाच मिनिटांनी सुटायचा, पैसे मात्र अर्ध्या तासाच्या सरासरीने. मग काय करायचे, एका पाच मिनिटांत भाव आकाशाला भिडला की उरलेल्या पंचवीस मिनिटांसाठी बोली एकदम तळाला नेऊन टाकायची. सरासरी तर चढलेलीच आहे, आता फक्त जास्तीत जास्त वीज ओतायची. ज्याने खरोखर त्या पाच मिनिटांत धावून मदत केली त्याला आणि जो नंतर आला त्याला भाव सारखाच. १ ऑक्टोबर २०२१ पासून हिशोबही पाच मिनिटांचा केला. झटक्यात चालू होणाऱ्या बॅटरीला यात खरी किंमत मिळते. आमच्यासारख्या तासन् तास तापत बसणाऱ्या बॉयलरला नाही, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी, मागणी. तारयात्रींनी तिसरा उपाय म्हणून नाव घेतलं आणि सोडून दिलं. ओढाताणीच्या तासाला एखाद्या कारखान्याने २० मेगावॅट कमी केले, तर ते २० मेगावॅटचं केंद्र चालू केल्यासारखंच. अमेरिकेत २०११ च्या आदेशाने अशा कपातीला घाऊक बाजारात विजेइतकाच भाव द्यायचं ठरलं. वीज कंपन्या कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश उचलून धरला. कोण कोर्टात गेलं ते बघा, म्हणजे कुणाला झोंबलं ते कळतं.

---

मीटरमाऊली

पण मग घरोघरी बाजारभावच लावा असं म्हणणार असाल तर थांबा. टेक्ससमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक दर मेगावॅट-तासाला ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर काही दिवस अडकून बसला होता. ज्यांचं बिल थेट घाऊक दराला जोडलं होतं त्यांना आठवड्याभराची हजारो डॉलरची बिलं आली. बाहेर बर्फ, घरात लहान मुलं, तेव्हा हीटर बंद करून "प्रतिसाद" द्यायचा?

---

जुना_ऑपरेटर

नाही, घरांना तसं लावू नये. ठरावीक दर हवाच. पण नेहमीच्या वापरापेक्षा जेवढं कमी कराल तेवढ्याला त्या तासाचा भाव मिळावा. शिक्षा नाही, बक्षीस. आणि शीतगृह, पाण्याचे पंप, गाड्यांचं चार्जिंग यांची एकत्र मोळी बांधणारा कुणी असावा. घरच्या माणसाने भावाकडे डोळे लावून बसणं मलाही पटत नाही.

---

सावली

प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

---

शंकासुर

बरेच मुद्दे पटले, सगळे नाहीत. पण मूळ धाग्यातलं "एखादी कंपनी अपरिहार्य आहे का" हे रोज, दर तासाला तपासणार कोण? आणि सापडली तर करायचं काय?

---

तारयात्री

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या पीजेएम बाजारात हे रोजचं काम आहे. वाहिन्या तुंबल्या की संगणक बघतो: ही कंपनी आणि तिच्याखेरीजच्या सर्वात मोठ्या दोघी, अशा तिघींना वगळून गरज भागते का? नसेल भागत, तर तिची बोली खर्चावर आधारलेल्या पातळीला आणली जाते. खटला नाही, चौकशी समिती नाही, त्याच लिलावात निकाल. बाजारावर नजर ठेवणारा स्वतंत्र तपासनीसही आहे, आणि त्याचे अहवाल कुणालाही वाचता येतात.

पण यात एक भोक आहे, आणि ते जुन्या ऑपरेटरांना विचारतो. बोलीला लगाम घालता येतो. "संच बंद आहे" याला कसा घालणार? काकांच्या उदाहरणात बोली कुणी वाढवलीच नव्हती.

---

जुना_ऑपरेटर

खरंय, आणि आतून बघितलं तर आणखी अवघड आहे. बॉयलरची ट्यूब गळायला लागते. आधी पाण्याचा हिशोब जुळत नाही, पूरक पाणी वाढतं. मग भट्टीजवळ गेलात की सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. गळती खरीच असते, खोटं कुणी बोलत नाही. पण संच आज रात्रीच बंद करायचा की मागणी उतरेल त्या शनिवारपर्यंत रेटायचा, हे ठरवावं लागतं. दोन्ही निर्णयांना इंजिनियरकडे चांगली कारणं असतात. लवकर बंद केला तर शेजारच्या ट्यूबा वाचतात. रेटला तर ग्रिडला आधार.

एका गळतीवरून कुणालाच काही सिद्ध करता येणार नाही. युरोपात २०११ च्या नियमांनी केंद्र बंद पडल्याची माहिती लगेच जाहीर करायला लावली, ते उत्तम. पण मी नियामक असतो तर रोजच्या नोंदीच्या नादी लागलो नसतो. तीन वर्षांचं लॉगबुक मागवलं असतं आणि फक्त तारखा लावल्या असत्या. जे केंद्र स्वस्ताईच्या आठवड्यात गळती चार-चार दिवस रेटतं आणि महागाईच्या आठवड्यात त्याच रात्री बंद होतं, त्याच्या शिफ्ट इनचार्जला बोलावून एवढंच विचारलं असतं की त्या रात्री फोन कुणाचा आला होता.